तीन नंबरच्या भांड्यातली हवा

१

तीन नंबरच्या भांड्यातून घासणीकाकांना दोरीने वर ओढलं, तेव्हा खरवडणी त्यांच्या मुठीत तशीच घट्ट होती. चेहऱ्यावर ना भीती, ना वेदना. जेवण झाल्यावर भिंतीला टेकून डुलकी काढावी, इतका निवांत चेहरा. नायट्रोजन माणसाला असाच नेतो. वास नाही, रंग नाही, घशाला साधी खवखव नाही. दोन श्वास घेतले की माणूस खाली बसतो आणि पुन्हा उठत नाही.

मंगळवार होता, सकाळचे दहा वाजत आले होते. औषधाच्या त्या कारखान्यात भांडं म्हणजे माणूस उभा राहील एवढी पोलादी टाकी. एक औषध झालं की दुसरं टाकायच्या आधी कुणीतरी झाकणातून आत उतरून तळ खरवडायचा. बावीस वर्षं ते काम काकांचं होतं.

मेकॅनिक भाऊजींनी काकांना जमिनीवर आडवं केलं, अंगभर घातलेल्या डगल्याची टोपी मागे सारली, गळ्यापासून पोटापर्यंत चेन उघडली आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला घेतली. वीस मिनिटं ते थांबले नाहीत. घाम काकांच्या बंडीवर टपटपत होता. कुणीतरी म्हणालं, "बास करा आता." भाऊजींनी ऐकलं नाही. गाडी आली तेव्हा तेच मागे चढले, काकांचं डोकं मांडीवर घेऊन.

"माणूस असावा तर असा," दारातला चौकीदार डोळे पुसत म्हणाला.

गाडी फाटकाबाहेर पडली. शिफ्टसाहेबांनी घसा खाकरला. प्रत्येक काम कालच व्हायला हवं होतं असं त्यांना वाटायचं, म्हणून प्लांटमध्ये त्यांचं नाव लवकरसाहेब. आज मात्र ते सावकाश बोलले.

"काका उतरायच्या आधी आतली हवा मोजायचं काम कुणाचं होतं?"

सगळ्या माना एकदम वहिनीकडे वळल्या.

२

ती भाऊजींची वहिनी, म्हणून सगळ्या प्लांटची वहिनी. वय सत्तावीस, घरी चौदा महिन्यांची मुलगी. आठवड्यातले चार दिवस कारखान्यात शिकाऊ आणि पाचव्या दिवशी कॉलेजात विद्यार्थिनी; असं चार वर्षं केलं की औषधनिर्मितीची इंजिनिअर. त्यातले तीन महिने उरले होते. या डिग्रीची मेख अशी की नोकरी आणि शिक्षण एकाच दोरीला बांधलेलं. कारखान्याने काढलं की कॉलेजही काढतं, आणि हातात राहतो तो नुसता अनुभव.

तिच्या नोंदवहीत त्या दिवशीची ओळ स्पष्ट होती. वेळ नऊ चाळीस, ऑक्सिजन वीस पूर्णांक आठ, खाली तिची सही. म्हणजे हवा चांगली, माणूस उतरू शकतो.

पण काकांना वर काढल्यावर त्याच भांड्यात मीटर सोडलं, तेव्हा आकडा आला सहा.

आणि नायट्रोजनचा मुख्य व्हॉल्व्ह बंद होता. नुसता बंद नव्हे, त्याला काकांचं लाल कुलूप होतं. आत उतरणाऱ्याने स्वतःच्या हाताने कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची, हा नियम. तो बाहेर येईपर्यंत खुद्द मालकालाही तो व्हॉल्व्ह उघडता येऊ नये. किल्ली काकांजवळच सापडली होती.

मग हिशेब सरळ होता. व्हॉल्व्ह कुणी उघडू शकत नव्हतं, म्हणजे वाईट हवा आधीपासूनच आत होती. म्हणजे वहिनीने मीटर न लावताच आकडा ठोकून दिला होता.

"मी लावलं होतं," ती तीन दिवसांत कितीदा म्हणाली असेल. मीटर जुनं. आकडा दाखवायचं, लक्षात काही ठेवायचं नाही.

चौथ्या दिवशी मुख्य कचेरीतून चौकशीला एक बाई आल्या. साठीच्या, बुटक्या, आवाज साखरेसारखा. दुपारपर्यंत त्यांचं नाव पडलं एक्स-रे. त्यांनी चौघांना ट्रेनिंगच्या खोलीत एकाच टेबलाभोवती बसवलं: लवकरसाहेब, भाऊजी, वहिनी आणि वहिनीच्या वर्गातली दुसरी शिकाऊ मुलगी, जिला सगळे टॉपर म्हणत. त्यांची पद्धत विचित्र होती. प्रश्न एकदाच विचारायचा. उत्तर स्वतः लिहायचं. मग कागद फिरवून माणसापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, "वाच, बाळ. मोठ्याने."

आपलंच बोलणं आपल्याच तोंडून परत ऐकताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

टॉपरने वाचलं, "मी लॅबच्या टेबलापाशी होते. वहिनी वही भरताना दिसली. तेव्हा तिच्या हातात मीटर नव्हतं."

"अगं, लिहिताना मीटर हातात कसं असेल?" वहिनी उसळली. "खाली ठेवल्याशिवाय पेन कशाने धरू?"

"मी दिसलं ते सांगितलं," टॉपर टेबलाकडे बघत म्हणाली.

"शिकाऊंपैकी किती जणांना कायम करणार आहेत इथे?" एक्स-रेने सहज विचारलं.

"एकाला," लवकरसाहेब म्हणाले.

"छान." बाईंनी तेही लिहिलं, आणि टॉपरचे कान लाल झाले.

मग वहिनीची पाळी आली. "काका आत असताना झाकणापाशी पहारा तुझा. तू जागा सोडलीस?"

टेबलाखाली भाऊजींचा बूट तिच्या चपलेला हलकेच लागला.

"नाही," वहिनी म्हणाली.

"वाच."

"मी जागा सोडली नाही," तिने वाचलं.  ते खोटं होतं.

३

मुलीला पहाटेपासून ताप होता. फोन आत न्यायचा नाही, तो कपाटात. पावणेदहाच्या सुमाराला वहिनी झाकणापाशी उभी होती खरी, पण जीव कपाटात अडकला होता. भाऊजी शेजारून जाता जाता थांबले. "तोंड का उतरलंय? जा, घरी फोन करून या. मी उभा राहतो ना."

ती गेली. सासूबाईंशी बोलली. ताप एकशे दोन होता. परत आली तेव्हा सहा मिनिटं झाली होती आणि भाऊजी झाकणात वाकून काकांना हाका मारत होते.

त्याच संध्याकाळी ते तिला हळूच म्हणाले होते, "मी दोन मिनिटं पान्यासाठी पलीकडे गेलो होतो हो. तुम्ही पहारा सोडला हे कळलं तर तुमची डिग्री जाईल आणि माझी नोकरी. दोघंही गप्प बसू." तिला वाटलं होतं, बिचारे आपल्याला सांभाळून घेताहेत.

एक्स-रेने आता तिसरा कागद काढला. "दवाखान्यातली यादी. मृताच्या अंगावरच्या वस्तू. अंगभर डगला, बंडी, विजार, बूट. गळ्यात, डगल्याच्या आत, दोऱ्याला किल्ली."

"गळ्यात?" वहिनीच्या तोंडून निघून गेलं.

"का गं? कुठे असायला हवी होती?"

वहिनीने उत्तर द्यायच्या आधीच भाऊजी बोलले. "नियमाप्रमाणे गळ्यातच, बाई. पुस्तकात तसंच आहे."

पुस्तकात होतं. पण काका पुस्तकाने चालत नसत. भांड्याच्या मधोमध ढवळायची पाती असते. काही वर्षांपूर्वी गळ्यातला दोरा त्या पातीत अडकून काकांचा गळा चांगला सोलला होता. तेव्हापासून उतरण्याआधी ते किल्ली काढून झाकणाशेजारच्या खुंटीला अडकवत. "सांभाळ गं माझी तिजोरी," म्हणत. खालच्या मजल्यावरच्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. यावरून काकांची सगळ्यात जास्त टर कोण उडवायचं? "काका, खुंटीला किल्ली टांगलीत, आता आम्ही लुटणार तुम्हाला!" असं म्हणणारे भाऊजीच.

वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं.

भाऊजी भिंतीवरचा सुरक्षेचा तक्ता वाचत होते. जणू जन्मात पहिल्यांदाच बघत होते.

४

घरी जाताना ती रोजच्यासारखी त्यांच्याच गाडीवर मागे बसली. सिग्नलला म्हणाली, "भाऊजी, किल्ली खुंटीला होती. मी स्वतः पाहिली."

"तुम्हाला नीट आठवत नसेल."

"मला नीट आठवतंय."

"हवा मोजल्याचंही नीट आठवतंय ना?" मान न वळवता ते म्हणाले. "मग तेवढंच आठवा."

सिग्नल सुटला.

सासूबाई नातीला मांडीवर घेऊन बटाटा कुस्करून भरवत होत्या. ताप उतरला होता, पोर बोटं चाटत होती. भाऊजी हातपाय धुवायला गेले. सासूबाईंनी वर न बघता सुरुवात केली.

"उद्या शेवटची चौकशी ना? मी काय म्हणते, कबूल करून टाक."

"काय कबूल करू, आई?"

"मीटर लावायचं राहिलं म्हणावं. पोर आजारी होतं, लक्ष नव्हतं. बाईमाणसाला समजून घेतात. तू शिकाऊ आहेस, तुला काय, चार वर्षं गेली म्हणायची. त्याचा जन्म जाईल गं."

वहिनी उभीच राहिली. "त्यांचा जन्म कशाला जाईल? ते तर छाती दाबत होते."

सासूबाईंचा हात वाटीतच थांबला. क्षणभरच. मग त्यांनी आणखी एक घास पोरीच्या तोंडात दिला.

"तुझं पोर चौदा महिने कुणी सांभाळलं? पोटात होतं तेव्हापासून तुझ्या पुस्तकांना हात न लावता घर कुणी ओढलं? मी. कॉलेजचा फॉर्म कुणी आणून दिला? त्याने. आज एक मागितलं तर तोंड वाकडं. हिचा बाप आठवड्यातून एकदा येतो. उद्या मी हिला उचलायचं बंद केलं, तर तू कामावर कशी जातेस तेच बघते."

"धमकी देताय, आई?"

"छे गं. विचारतेय." आणि त्या पोरीला म्हणाल्या, "आ कर, बाई. आ."

आत नळ कधीच बंद झाला होता. भाऊजी दाराआड उभे होते. त्यांची सावली फरशीवर पडली होती आणि हलत नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी दहाला तेच टेबल, तीच चौघं. बाहेर बाकावर काकांची बायको बसली होती. ती रोज येऊन बसे, कुणाशी बोलत नसे.

"कालचा दिवसभर मी तो व्हॉल्व्ह कुलूप लावून ठेवला," एक्स-रे म्हणाल्या. "भांड्यातली हवा मोजली. दिवसभरात काडीचाही फरक नाही. मग कुलूप काढून व्हॉल्व्ह उघडला. तीन नंबरच्या भांड्याची स्वतःची तोटी बंद होती, तरी चार मिनिटांत ऑक्सिजन सहावर आला. तोटी गळकी आहे. साहेब, माहीत होतं?"

"दुरुस्तीच्या यादीत आहे," लवकरसाहेब पुटपुटले.

"किती दिवस?"

"सात महिने."

"वाचा."

लवकरसाहेबांनी वाचलं. 

"मंगळवारी दोन नंबरच्या भांड्याची दाबाची चाचणी तुम्ही मेकॅनिककडे दहाच्या आत मागितली होती. तिला नायट्रोजन लागतो, आणि दोन्ही भांड्यांचा मुख्य व्हॉल्व्ह एकच. म्हणजे कुणालातरी काकांचं कुलूप उघडायची घाई होती. पण किल्ली तर काकांच्या गळ्यात, आणि काका भांड्यात." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "खरंच होती का गळ्यात?"

त्यांनी डॉक्टरांचा कागद पुढे ओढला. "वीस मिनिटं छाती दाबली. बरगड्या दोन तुटल्या, छातीच्या हाडावर तळहाताएवढं काळंनिळं. माणूस मरत असताना इतका जोर लावला की कातडीवर बंडीची वीण उमटली. वीण उमटली हो! मग त्याच जागी पितळेची किल्ली असती, तर तिचा छाप किती खोल असता? डॉक्टरांना मी दोनदा विचारलं. किल्लीचा छाप नाही. नखाएवढाही नाही."



"म्हणजे छाती दाबून होईपर्यंत किल्ली गळ्यात नव्हती. दवाखान्यात पोचली तेव्हा होती. मधल्या वेळात प्रेताजवळ कोण होतं? साहेब प्लांटमध्ये, पोलिसांची वाट बघत. ही हुशार मुलगी लॅबमध्ये रडत. वहिनीला तर वरच्या ऑफिसात बसवून ठेवलेलं. गाडीत काकांचं डोकं मांडीवर घेऊन एकच माणूस बसला होता."

भाऊजी हसले. कसंनुसं, पण हसले. "बाई, दोरा सैल होता. वर ओढताना गळ्यातून निघून किल्ली जमिनीवर पडली. मी उचलली, गाडीत परत घातली. मेलेल्या माणसाची वस्तू त्याच्याजवळ असावी म्हणून. यात काय चुकलं?"

एक्स-रेने कागद पुन्हा उलटून पाहिले. पहिल्यांदाच. या उत्तराला छेद देईल असं त्यांच्या कागदांत काही नव्हतं, आणि ते भाऊजींनाही दिसलं. ते खुर्चीत मागे रेलले.

"खरंय," बाई म्हणाल्या. "किल्ली काकांनी आत नेलीच नव्हती, आणि त्या वेळी झाकणापाशी तुम्ही होतात, हे सांगणारं कुणी असतं तर गोष्ट वेगळी. पण झाकणापाशी तर वहिनी होती. तिने जागा सोडली नाही. तसं वाचलंय तिने." त्या वहिनीकडे वळल्या. आवाज पुन्हा साखरेचा. "पहारा सोडणाऱ्या शिकाऊचं काय करतात, माहीत आहे ना, बाळ? मी वचन बिचन देत नाही कुणाला."

वहिनीला सगळं एकदम दिसलं. गप्प बसली तर खोट्या आकड्याचा डाग, डिग्री गेली, वर पोलीस. बोलली तर पहारा सोडल्याचा डाग, आणि संध्याकाळी ज्या घरात जायचं त्या घराचं दार.

"वहिनी," भाऊजी हळूच म्हणाले, "पोरीचा विचार करा."

तोच विचार ती करत होती. उद्या ही पोर मोठी होईल. आईने खोटा आकडा लिहून माणूस मारला, असं कुणीतरी तिला सांगेल. आणि सांगणारी आजीच असेल.

"लिहा, बाई," ती म्हणाली. "काकांनी किल्ली खुंटीला अडकवली. मी पाहिली. पावणेदहाला मी जागा सोडली, घरी फोन करायला. सहा मिनिटं. माझ्या फोनमध्ये वेळ आहे. झाकणापाशी यांना उभं करून गेले होते. यांनीच जा म्हटलं. किल्लीसाठी म्हटलं, हे तेव्हा कळलं नाही."

"खोटं बोलतेय!" भाऊजी उभे राहिले, खुर्ची मागे आपटली. "मी व्हॉल्व्ह चार मिनिटंच उघडला होता! चार मिनिटांत कोण मरतं? मला काय ठाऊक तोटी एवढी..."

ते थांबले, पण उशीर झाला होता.

एक्स-रेने शेवटपर्यंत लिहिलं. पूर्णविराम दिला. कागद फिरवून त्यांच्यापुढे ठेवला.

"वाचा."

भाऊजींनी वाचलं नाही. खाली बसले आणि वहिनीकडे बघत राहिले. "मी तुम्हाला मारणार नव्हतो, वहिनी," ते म्हणाले. "नुसती डिग्रीच जाणार होती."

६

पोलीस त्यांना जिन्यावरून नेत होते तोवर एक्स-रेने वहिनीला थांबवलं. "आकडा खरा होता असं मी लिहीन. कॉलेज तुला काढणार नाही. पहारा सोडल्याबद्दल एक वर्ष मागे. सगळं शेवटचं वर्ष पुन्हा. आणि इथे कायमची जागा टॉपरला. कळलं?"

"कळलं."

"रडू नकोस. स्वस्तात सुटलीस." बाईंनी पिशवी उचलली आणि त्या निघून गेल्या.

फोन कपाटात थरथरत होता. सासूबाईंचे अकरा फोन. मग एक निरोप: पोरीला शेजारी ठेवलंय, घेऊन जा, इथे येऊ नकोस. वहिनीने तो दोनदा वाचला आणि पायऱ्या उतरायला लागली.

बाकावरून काकांची बायको उठली. वयापेक्षा बरीच म्हातारी दिसत होती. वहिनी तिच्यापुढे थांबली. आज या बाईच्या डोळ्यांत बघता येईल असं तिला वाटलं होतं. चार दिवस तिने एवढीच वाट पाहिली होती.

"काकू, सिद्ध झालं. मी खोटं लिहिलं नव्हतं. मी मोजलं तेव्हा आत हवा अगदी चांगली होती."

"हो?" काकू म्हणाली. तिने दोन्ही हातांनी वहिनीचा हात धरला. "म्हणजे ते चांगले होते? काम करत होते?"

"हो काकू. गुणगुणत होते."

"तू तिथे उभी होतीस तोवर?"



"तोवर," वहिनी म्हणाली.

काकूने मान डोलवली. एकदा, दोनदा, हिशेब जुळल्यासारखी. मग तिने वहिनीचा हात सोडला, आपला हात पदराला पुसला आणि पुन्हा बाकावर जाऊन बसली.